अंगणातला शुक्र

दामूअण्णांनी ओटीवरच्या कंदिलाला सूर्य केलं, हातातल्या लिंबाला शुक्र केलं आणि माझ्या काकांना पृथ्वी होऊन समोरच्या पाटावर बसायला सांगितलं. तिथून पुढं पाच मिनिटांत माझं लग्न मोडायला आलं.

"विसूभाऊ, नीट बघा," दामूअण्णा म्हणाले. "हा शुक्र सूर्याभोवती फिरतोय. फिरता फिरता तो सूर्याच्या आणि तुमच्या मध्ये आला. आता दिसतो का तुम्हाला?"

"डोळ्यांत कंदील खुपसल्यावर काय दिसणार?" काका म्हणाले.

"हां! दिसत नाही. म्हणून आपले लोक म्हणाले, शुक्राचा अस्त झाला. अस्तबिस्त काही नाही हो. लिंबू आपल्या वाटेनं चाललंय. तुम्ही जिथं बसलात तिथून ते दिसत नाही, एवढंच. आता थोडं सरकवतो. दिसलं?"

"दिसलं."

"हा झाला उदय. तो होणार येत्या मंगळवारी."

"माझ्या पंचांगात त्यानंतरच्या रविवारी आहे," काका पाटावरून न हलता म्हणाले. "लिंबू कुठलं पंचांग वापरतं ते विचारून बघा."

मी माजघराच्या दाराआड उभी होते. हसू आलं आणि लगेच विरलं, कारण मधला शनिवार माझा होता.

दामूअण्णा मराठे म्हणजे माझे होणारे सासरे, निवृत्त शाळातपासनीस. त्यांचा मुलगा मुकुंद व्यापारी बोटीवर इंजिनियर होता. आमचं लग्न ठरलं होतं वैशाखाच्या शेवटी. अचानक कंपनीची तार आली: पुढल्या बुधवारी मुंबईत हजर व्हा, बोट वर्षभरासाठी जाणार. तेव्हा बापलेक एसटीनं धडपडत आमच्या साखरतळीला आले. लग्न अलीकडच्या शनिवारी उरकून घ्यावं, एवढीच त्यांची विनंती. दामूअण्णांचं पंचांग नव्या गणिताचं. त्यात शुक्र मंगळवारी उगवत होता, आणि उगवल्यावर त्याच्या बालपणाचे म्हणून सोडायचे ते तीन दिवस धरूनही शनिवार मोकळा मिळत होता. काकांचं पंचांग जुन्या गणिताचं. त्यात शुक्र रविवारपर्यंत अस्तंगत. आणि शुक्र नसताना लग्न लावायचं म्हणजे काकांच्या दृष्टीनं मंडपात नवरदेव नसताना लग्न लावण्यासारखं.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं विसूकाकांनी आणि काकूनं. काका नेने घराण्याचे, गावाचे मुहूर्त काढून देणारे. त्यांनी सांगितल्याखेरीज साखरतळीत कुणी घराचा चौथरा घालत नसे की म्हैस विकत आणत नसे. स्वभावानं अतिशय मऊ माणूस. मला ओरडायचं म्हटलं तरी आधी घसा खाकरून मला सावध करायचे. पण पंचांग उघडलं की हाच माणूस कातळ व्हायचा.

"विसूभाऊ, तुमचं गणित हजार वर्षांपूर्वीचं," दामूअण्णा लिंबू कुरवाळत म्हणाले. "ज्यांनी केलं त्यांच्याकडे काळ मोजायला होतं काय? तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका झाली. त्या वाटीच्या भोकात उद्या शेवाळ अडकलं, तर? रोज केसभर चूक धरा. हजार वर्षांत कितीवर जाते?"

काका उठले. देवघरातून आमचं घटिकापात्र घेऊन आले आणि दामूअण्णांच्या पुढ्यात ठेवलं. लग्नात मुहूर्ताची वेळ त्याच वाटीवर मोजली जायची, आणि ती चिंचेनं घासून लखलखीत ठेवणं हे माझं लहानपणापासूनचं काम.

"ह्याच वाटीवर त्यांनी शुक्राची फेरी मोजली," काकांचा आवाज चढला. "उघड्या डोळ्यांनी. तुमच्या दुर्बिणीच्या खापरपणज्याचाही जन्म झाला नव्हता तेव्हा. दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच दिवसांत, त्याच जागी परत येतो, हे कुणी सांगितलं? वाटीवाल्यांनी."

"मान्य," दामूअण्णा म्हणाले. "शंभर वेळा मान्य. मोजलं त्यांनीच. पण मोजत राहणं आपण सोडलं ना? त्यांनी आकाश बघून पुस्तक लिहिलं, आणि आपण पुस्तक बघून आकाश सांगतो."

हे काकांना झोंबलं. कारण ते खरं नव्हतं.

"मी पुस्तक बघून सांगत नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात चार पिढ्या शुक्राचा उदय अंगणात उभं राहून बघतात. पणजोबांनी बघितला, आजोबांनी बघितला, वडिलांनी बघितला, मी बघतो. दर वेळी तुमचं नवं पंचांग सांगतं त्याच्या चार-पाच दिवस पुढंच तो दिसतो. आमचं जुनं सांगतं त्या दिवशी. चार पिढ्यांचा ताळा आहे हा. आता बोला."

दामूअण्णांनी लिंबू खाली ठेवून दिलं. निवृत्त शाळातपासनीसानं शिकवणं थांबवणं ही फार भीतीदायक गोष्ट असते. ते म्हणाले, "मग आम्हालाही विचार करावा लागेल. वर्षभरानंतरचं कुणी सांगावं?"

मुकुंद ओटीच्या कोपऱ्यात बसला होता. त्यानं माजघराच्या दाराकडे बघितलं. आम्ही तोवर तीनदाच भेटलो होतो. त्यातल्या दुसऱ्या भेटीत त्यानं मला बोटीच्या इंजिनाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण तो सांगताना इतका खुलला होता की मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. आता तो वर्षभर समुद्रावर जाणार आणि इकडे दोन म्हातारे एकमेकांचं तोंड बघेनासे होणार. मग कसलं लग्न नि कसलं काय! मला रडूच फुटलं.

तेवढ्यात काकू पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली. काका पंचांगावर बोलायला लागले की एरवी ती निमूट आत निघून जायची. त्या दिवशी मात्र तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, दोघांनी मिळून बघा की. दिसला तर शनिवारी लग्न, नाही दिसला तर नाही. त्यात भांडायचं काय?"

दोघांनाही ते पटलं. दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती ना.

सोमवारी कुणी उठलं नाही, कारण सोमवारी तो दोन्ही पंचांगांत नव्हता. मंगळवारी पहाटे आम्ही सगळे अंगणात. समोर पूर्वेला आमचा डोंगर, काळा आणि झोपलेला. दामूअण्णा घड्याळावर टॉर्च मारून मिनिटं सांगत होते. काका पाण्यावरच्या वाटीकडे बघत घटका मोजत होते. आकाश राखाडी झालं, मग केशरी झालं, कोंबडे आरवून आरवून दमले, आणि शुक्राचा पत्ता नाही.

"पहिल्या दिवशी क्षितिजाला अगदी चिकटून असतो," दामूअण्णा म्हणाले. "उद्या बघा."

बुधवारी तेच. दामूअण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळे त्यांना एकदा दिसलाही. पण तो बघता बघता झाडावरून उडून गेला. काजवा होता. काका हसले नाहीत. त्यांना जिंकण्याचा आनंद होत नव्हता हे मला कळत होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "यमे, तुझ्यासाठी मी काहीही करीन गो. पण नसलेला तारा कुठून आणू?"

तो हात काढून घेऊन ते आत गेले आणि मी अंगणातच उभी राहिले. मंडपाचं काम चालू होतं. व्हावं की न व्हावं कळत नसलं तरी बांबू आणून झाले होते. आमचा गडी बाबल्या माडाची झापं बांधायला मंडपावर चढला होता. खाली आमच्या अंगणात अजून सावली होती, पाय गार पडत होते. आणि वर बाबल्या एका हातानं डोळ्यांवर आडोसा करून ओरडत होता, "यमूताई, टोपी फेका वो वर. ऊन डोल्यांत जाता!"

मी टोपी फेकली. मग खाली बघितलं, मग पुन्हा वर बघितलं. त्याला सूर्य उगवला होता आणि मला उगवला नव्हता. आम्हा दोघांत अंतर होतं एका शिडीचं.

मी धावत आत गेले. "काका, डोंगर आड येतोय!"

काका पूजेला बसत होते. "कशाला आड येतोय?"

"शुक्राला. बाबल्याला वर ऊन लागलं, आपल्याकडे अजून नाही. तसाच शुक्रही उगवत असेल डोंगराच्या मागं. तो डोंगरावर डोकं काढीपर्यंत उजाडून जातं, मग कसा दिसणार? चार दिवसांनी तो आणखी लवकर उगवतो, अंधारातच डोंगर चढून येतो, तेव्हा आपल्याला दिसतो."

"डोंगर काय आज आलाय?" काका म्हणाले. "पणजोबांपासून आहे तो."

"म्हणूनच!" मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

ओटीवर दामूअण्णा उठून उभे राहिले होते. "शाब्बास! विसूभाऊ, मी लिंबू दाखवत होतो तेव्हा हेच सांगत होतो. बसलात तिथून दिसत नाही. फक्त मला वाटत होतं की अडचण पृथ्वीची आहे. ती तुमच्या अंगणाची निघाली!"

"चार पिढ्यांचं बघणं खोटं म्हणता?" काकांनी ताम्हन इतकं जोरात खाली ठेवलं की पळी उडाली.

"खोटं नाही हो. बघितलं ते अगदी बरोबर. फक्त साखरतळीच्या ह्या अंगणातून."

आता डोंगरावर चढून बघणं हा सरळ उपाय होता. पण दामूअण्णांचे गुडघे ओटीच्या तीन पायऱ्याही कुरकुरत चढायचे, काकांना दमा, आणि पहाटेच्या अंधारात त्या झाडीत वाट कोण शोधणार? नुसत्या मुकुंदला पाठवावं तर काका म्हणणार, नवरदेवाला शुक्र दिसणारच, त्याला भर दुपारीही दिसेल.

तेव्हा काकू पुन्हा बाहेर आली. चार दिवसांत दुसऱ्यांदा. "मग मागं सरा की," ती म्हणाली. "होडीत बसा आणि समुद्रात जा. लांब गेलं की डोंगर बुटका होतो. आणि यमूला न्या बरोबर."

"लग्नाच्या मुलीला?" काका चकित झाले. "होडीत? नवऱ्या मुलाबरोबर?"

"लग्न तिचं आहे ना? मग तिनं बघायला नको?" काकूचा आवाज असा कधी लागला नव्हता. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

गुरुवारी पहाटे काशिराम तांडेलाची होडी निघाली. काशिराम आमच्या गावचा खारवी, समुद्राशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास नसलेला. "बसा वो काका, मतलई सुटलाय झकास," तो म्हणाला. मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. त्यानं शीड भरलं आणि होडी सरळ पश्चिमेला निघाली. काशिराम सुकाणूवर, तोंड समुद्राकडे. आम्ही चौघं मात्र पाठ समुद्राकडे आणि तोंड गावाकडे करून ओळीनं बसलो. काकांच्या मांडीवर त्यांचं आणि दामूअण्णांचं अशी दोन्ही पंचांगं, पाणी उडू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलेली.

मुकुंद माझ्या शेजारी बसला होता. त्यानं हळूच सांगितलं, "घाबरू नकोस हां. मी अर्धं जग फिरलोय." आणि बंदराबाहेरची पहिली लाट लागताच त्यानं कडेवरून मान बाहेर काढली ती आत घेतलीच नाही.

"अरे, तू बोटीवरचा ना?" दामूअण्णा वैतागले.

"मी खाली इंजिनात असतो हो," मुकुंद पाण्याकडे बघत म्हणाला. "वर नसतो." पुढचं बोलणं समुद्रात गेलं. मला त्याची इतकी दया आली आणि इतकं हसू आलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. लग्नाआधी नवऱ्याची पाठ चोळणारी साखरतळीतली मी पहिलीच असेन. आणि खरं सांगते, तेव्हा तो मला फारच आवडला.

होडी जात राहिली आणि आमच्या समोर डोंगर बुटका होत गेला. जन्मापासून मी तो डोंगर बघत होते. अर्धं आकाश अडवून बसलेला, पावसाचे ढग अडवणारा, सूर्याला उशीर करणारा. तो हळूहळू खाली बसला, आणि त्याच्या मागून आणखी डोंगर वर आले, आणि त्या सगळ्यांच्या वर भलंमोठं मोकळं आकाश. काका आ वासून बघत होते. आयुष्यभर किनाऱ्यावर राहिलेला हा माणूस होडीत कधी बसलाच नव्हता. मुहूर्त काढायला समुद्रात कशाला जायचं?

पूर्व फटफटायला लागली. दामूअण्णांनी एका दिव्याकडे बोट दाखवून "तो बघा, तो बघा" केलं. काशिरामनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "ती सुलेमानची होडी. बत्ती हाय." दामूअण्णा हिरमुसले. मी बघत होते, पण डोळ्यांत सारखं पाणी येत होतं. वाऱ्यानं असेल. एकदा तर मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि देवाला म्हटलं, असू दे रे, तिथं असू दे.

डोळे उघडले तेव्हा मला काका दिसले. ते एका जागी टक लावून बघत होते. त्यांनी सावकाश हात जोडले, कपाळाला लावले आणि मांडीवर ठेवून दिले. नजर मात्र तिथून हलली नाही.

मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. डोंगराच्या कडेच्या चांगला वर, फिकट केशरी आकाशात, तो होता. ठसठशीत आणि स्थिर, नुकतं घासलेलं भांडं चमकावं तसा. मला किंचाळावंसं वाटलं. होडीत उभं राहून नाचावंसं वाटलं. पण मी ओठ दाबून धरले.

काकांनी बघितला होता, आणि बघितला हे ते बोलत नव्हते. दामूअण्णांना तो दिसणं शक्य नव्हतं. मुकुंदचं तोंड पाण्यात. काशिरामची पाठ. मी ओरडले असते तर लग्नाला उतावळी झालेली मुलगी ओरडली असं झालं असतं. आणि मला ते नको होतं. चार पिढ्या अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या पुतणीनं खोटं पाडावं, असं मला नको होतं. पण आकाश उजळत चाललं होतं. आणखी थोडा वेळ, आणि सूर्य वर येऊन सगळं पुसून टाकणार. मी काकांकडे बघत राहिले. माझं सगळं आयुष्य त्या वेळी त्यांच्या जिभेवर होतं.

काकांनी घसा खाकरला.

"दामूअण्णा," ते म्हणाले. "तुमचा शुक्र उगवलाय."

"कुठं?" दामूअण्णा इतके जोरात उठले की होडी एकीकडे कलली आणि काशिरामनं एक शिवी गिळली. "कुठं आहे? कुठं?"

काकांनी त्यांची हनुवटी धरली आणि लहान मुलाचं डोकं फिरवावं तसं फिरवलं. "त्या माडांच्या रांगेवर. सरळ वर. अजून वर."

दामूअण्णांनी डोळे ताणले, बारीक केले, चष्मा काढला, पुसला, घातला. शेवटी ते खाली बसले. "नाही दिसत हो मला." त्यांचा चेहरा पडला होता. मग ते म्हणाले, "पण तुम्ही म्हणता म्हणजे आहे. तुम्हाला नको असताना तुम्ही कशाला म्हणाल?"

"आजचा नाही हा," काका म्हणाले. "इतका वर आलाय म्हणजे दोन दिवसांपूर्वीच उगवला. मंगळवारी. तुमच्या पुस्तकात आहे तसा."

मुकुंदनं कशीबशी मान वर केली. "म्हणजे शनिवारी?"

"शनिवारी," काका म्हणाले. मुकुंदचा चेहरा उजळला आणि तो पुन्हा कडेवर वाकला.

परत येताना वल्हवावं लागलं. काशिराम आणि आता जरा सावरलेला मुकुंद वल्ही मारत होते. डोंगर पुन्हा मोठा होत गेला. दामूअण्णा मोठ्या आनंदात होते, पण शहाण्या माणसासारखे जिंकल्याचं एक अक्षर बोलत नव्हते. उलट म्हणत होते, "तुमच्या पूर्वजांचं कौतुक वाटतं मला. चार पिढ्या बघणं म्हणजे चेष्टा नाही." काकांचं लक्ष नव्हतं. ते बोटांवर कसली तरी वर्षं मोजत होते, आणि त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"चार वेळा आठ," ते पुटपुटले. "बत्तीस वर्षं. हेच दिवस होते गो, यमे. असाच पूर्वेला उगवायचा होता. वडिलांनी मला अंगणात उभं केलं होतं. मी बघितलं आणि सांगितलं, दिसत नाही. तो मुहूर्त हुकला, दुसरा पत्रिकेला जुळेना, म्हणून आमचं लग्न वर्षभर पुढं गेलं."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

काकू किनाऱ्यावर उभी होती, हातात चहाची किटली आणि पितळी पेले. सूर्य केव्हाच वर आला होता. आम्ही गुडघाभर पाण्यातून उतरलो. तिनं काही विचारलं नाही. आधी मुकुंदला चहा दिला, कारण त्याची गरज तोंडावर लिहिलेली होती. मग दामूअण्णांना, मग मला.

"दिसला," काका तिला म्हणाले.

"बरं झालं," काकू म्हणाली. "आलं घातलंय चहात."

"अगो, ऐकतेस का? डोंगर आड येत होता. सगळी वर्षं. म्हणजे आपल्या वेळीसुद्धा..." काका किनाऱ्याकडे येता येता थांबले. पाण्यात उभे राहून ते तिच्याकडे बघत होते. "आपल्या वेळीसुद्धा तो उगवला होता. मीच सांगितलं होतं दिसत नाही म्हणून. वर्षभर तुला माहेरी बसवून ठेवलं मी."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"तो उगवला होता ते." काकूनं पेला त्यांच्या हातात दिला. "माझं माहेर डोंगराच्या वर, सड्याच्या उघड्या माळावर. तिथं आडवं काय येणार, आभाळ? पहाटे विहिरीवर जाताना रोज बघत होते मी. तुमच्याकडून निरोप आला, शुक्र उगवला नाही, लग्न पुढल्या वर्षी. आणि मी घागर घेऊन उभी, नि तो माझ्यासमोर लखलखतोय."

दामूअण्णांचा पेला तोंडाजवळ जाऊन तसाच थांबला.

"मग बोलली नाहीस कुणाला?" काकांनी विचारलं.

"कुणाला बोलणार? नवऱ्या मुलीला कोण विचारतं, तुला आभाळात काय दिसलं? मला वाटलं, ह्यांना मी पसंत नाही. म्हणून काढलंय काहीतरी निमित्त." काकू हसली. "वर्षभर रडले मी. मग लग्न होऊन इथं आले. पुढं आठ वर्षांनी तो परत तसाच यायचा होता, तेव्हा अंगणात जाऊन बघितलं, आणि खरंच दिसला नाही. म्हटलं, चला, माणूस खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी मी शिरा केला होता. तुम्ही विचारलंत, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही."

काकांनी पेला दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी त्यांच्या पोटातून एक हसू वर येत होतं. ते आवरायला बघत होते आणि आवरत नव्हतं. आधी खांदे हलले, मग पेल्यातला चहा सांडला, आणि मग ते मोठ्यानं हसत सुटले. तसे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काकू हसली, दामूअण्णा हसले, काहीही न कळलेला काशिराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. मुकुंदनं सगळ्यांच्या देखत माझा हात धरला आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

"आणि मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?" काकांनी डोळे पुसत विचारलं.

"विचारलंत कधी? आणि सांगून तुम्ही डोंगर थोडाच हलवणार होतात? माझं झालं ते झालं." काकूनं माझ्याकडे बघितलं. "हिला मात्र थांबवू दिलं नसतं मी. आज होडीतून कुणी काही बोललं नसतं, तर मी बोलणार होते. ठरवूनच आले होते."

काका पाण्यातून बाहेर आले. गावातल्या कुणाच्याही सोयीसाठी त्यांनी कधी मुहूर्त एका पळानं हलवलेला नव्हता. ते काकूसमोर उभे राहिले आणि जपून, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं म्हणाले, "मग शनिवार चालेल ना?"

"कितीचा काढणार आहात?"

"बाराच्या सुमाराचा चांगला आहे. अगदी निर्दोष."

काकूनं विचार केला. "नको. बारा वाजता पंगतीवर ऊन येतं. सकाळचा बघा."

काकांनी मान डोलावली, तिथंच ओल्या वाळूत मांडी घातली, मेणकापड सोडलं आणि सकाळचा मुहूर्त शोधायला पंचांग उघडलं. तेही दामूअण्णांचं.